एकेचाळिसाव्या पायरीवरून दिसणारा कर्णा

१

भाऊंनी निळ्या मखमलीचं टोक दोन बोटांत धरलं, समोरच्या बारा पाहुण्यांकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि जादूगाराच्या थाटात कापड ओढलं.

काचेची पेटी रिकामी होती.

भाऊंची पाठ पेटीकडे असल्यामुळे ही गोष्ट सगळ्यांत शेवटी त्यांनाच कळली. "हाच तो कर्णा," ते खिडकीखालच्या लाटांच्या वर आवाज चढवून सांगत होते, "दोनशे वर्षांपूर्वी याच खोलीतून बंदराचे वाटाडे धुक्यात सापडलेल्या जहाजांना हाका मारायचे. डावीकडे घ्या, उजवीकडे खडक आहे! या पितळी नळीतून गेलेल्या एकेका हाकेनं शेकडो माणसं सुखरूप घरी..." एवढ्यात त्यांना पाहुण्यांचे चेहरे दिसले. ते वळले आणि हातातलं कापड तसंच खाली गळलं.

पाहुण्यांमध्ये सगळ्यांत पुढे उभ्या असलेल्या बाईंना आपण वन्सं म्हणू, कारण ज्यांच्याबरोबर त्या हे शहर बघायला आल्या होत्या त्या त्यांच्या वहिनी त्यांना याच नावानं हाक मारत. बत्तीस वर्षं विमा कंपनीत नुकसानीची तपासणी करून वन्सं निवृत्त झाल्या होत्या. जळालेली गोदामं, बुडालेल्या होड्या, चोरीला न गेलेले चोरीचे दागिने असं सगळं बघून झालं होतं. रिकामी पेटी दिसताच त्यांचे डोळे सवयीनं कुलपाकडे गेले. कुलूप धड होतं. किल्लीनं उघडून पुन्हा नीट लावलेलं होतं.

"अक्का!" भाऊ ओरडले.

स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत एक उंच, वाळकुडी बाई आली. वाटाड्यांचं हे घर सांभाळणारी अक्का ती हीच. मागच्या दोन खोल्यांत राहायची, पुढची खोली झाडायची, पितळ घासायची. तिनं पेटीकडे पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"काल संध्याकाळी पुसून, कुलूप लावून, झाकून ठेवला मी," ती म्हणाली. "खारी हवा लागू नये म्हणून रोज झाकते. सकाळी मी कापडाला हातसुद्धा लावत नाही. तूच काढतोस ना!"

तोवर जिना चढून धापा टाकत चिटणीस दारात पोचले होते. शहर पायी दाखवणाऱ्या फेरीची ही वाट, तिच्या फरसबंदीतल्या पितळी खुणा आणि हे घर ज्या मंडळाच्या ताब्यात होतं, त्या मंडळाचे ते चिटणीस. वय पन्नाशीचं, डोक्यावर घामाचे थेंब आणि घसा साफ बसलेला. त्यांनी खिशातल्या बाटलीतून पाण्याचा घोट घेतला आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत?"

"घराच्या आणि पेटीच्या किल्ल्यांचे मिळून तीन जुडगे," अक्का म्हणाली. "एक माझा, एक भाऊचा, एक तुमचा."

"पोलिसांना बोलवायचं का?" दुर्बीण गळ्यात अडकवलेल्या एका काकांनी उत्साहानं विचारलं.

"इतक्यात नको," चिटणीस घाईनं म्हणाले. "आधी आपण पाहू. भाऊ, तुम्ही कर्णा शेवटचा कधी पाहिलात?"

भाऊंचा चेहरा पांढरा पडला होता. तीस वर्षं हा माणूस लोकांना शहर दाखवत होता आणि शहराबद्दल एक अक्षर खोटं बोलायचं नाही हा त्याचा पण होता.

"अकरा वाजता," ते म्हणाले. "एकेचाळिसाव्या पायरीवरून. खिडकीत चमकत होता. या बाराही जणांनी पाहिला. त्यानंतर वीस मिनिटांत आम्ही वर आलो. जिना एकच आहे, खाली उतरणारं कुणी भेटलं नाही. घरात त्या वेळी फक्त... फक्त अक्का होती."

अक्का भाऊंची सख्खी थोरली बहीण होती.

२

वन्सं खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी सकाळपासूनचा दिवस मनातल्या मनात पुन्हा चालायला घेतला. जुनी सवय. हरवलेली वस्तू शोधायची तर आधी आपली पावलं शोधावीत.

जुन्या जकातघराच्या दारात त्या आठ वाजताच पोचल्या होत्या, फेरी नवाची असताना. "वन्सं, तुम्हाला यमानं दहाची वेळ दिली तरी तुम्ही नवाला जाऊन बसाल," वहिनी वाटभर कुरकुरत होत्या. पण त्या एका तासानं वन्संना शहर आयतं हातात दिलं. जकातघराचे कमरेएवढ्या जाडीचे दगडी खांब, त्यांच्यामध्ये अजून लटकणारा अजस्र तराजू आणि त्याच्या पारड्यात निवांत झोपलेलं मांजर. भाऊ तिथंच होते, फरशीतली पहिली पितळी खूण गुडघे टेकून रुमालानं पुसत. पावणेनवाला चिटणीस आले, खांद्यावर लांबलचक काळी पिशवी, आणि कुणाशी न बोलता तळघरात उतरले.

मग फेरी निघाली आणि वन्सं हरखून गेल्या. भाऊ सबंध वेळ उलटे चालत. तोंड पाहुण्यांकडे, पाठ रस्त्याकडे. खड्डा आला की न बघता टाच उचलत, वळण आलं की न बघता वळत. दोरगल्लीत त्यांनी सांगितलं की ही गल्ली इतकी सरळ आणि लांब आहे, कारण जहाजाचा दोर जेवढा लांब लागे तेवढीच ती बांधली. इथे आधी दोर आला आणि मग घरं. वन्संनी त्या गल्लीकडे टोकापर्यंत पाहिलं. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर कमरेच्या उंचीला, पिढ्यानपिढ्या दोर घासून पडलेली गुळगुळीत खाच शेवटपर्यंत गेली होती. त्यांनी खाचेत बोट ठेवलं तेव्हा अंगावर शहारा आला. हातांनी काम करणाऱ्या माणसांचं एवढं मोठं स्मारक त्यांनी दुसरीकडे कुठे पाहिलं नव्हतं, आणि त्यावर कुणाचं नावसुद्धा नव्हतं.

चौथ्या थांब्यावर, तटबंदीच्या चढणीला, वहिनींच्या गुडघ्यांनी संप पुकारला. त्या गाडी करून थेट शेवटच्या जिन्याच्या पायथ्याशी गेल्या. पावणेअकराला बाकीचे तिथं पोचले, तर बाकावर वहिनी राणीसारख्या बसलेल्या, कानांना शहराची माहिती ऐकवणाऱ्या यंत्राची गोल टोपणं लावलेली, दुखरा पाय समोरच्या लांब काळ्या पिशवीवर टेकलेला, आणि शेजारी चिटणीस, पाहुण्याला निरोप देता न येणाऱ्या यजमानासारखा चेहरा करून उभे. 'सापडला बिचारा वहिनींच्या तावडीत,' असं वन्संच्या मनात आलं होतं.

नंतर शहाण्णव पायऱ्या. एकेचाळिसाव्या पायरीवर दम खायला सपाट टप्पा होता. भाऊंनी समुद्राकडे, म्हणजे पाहुण्यांकडे तोंड करून, खांद्यावरून मागे बोट केलं. "ती वरची खिडकी. तिच्यात चमकतोय तो कर्णा. दिसला?"

"हो, हो!" सगळे म्हणाले होते. दुर्बीणवाल्या काकांनी दुर्बीण लावून "अगदी स्पष्ट!" असं वर जोडलं होतं. वन्संनी मान डोलावली होती.

आता त्या खोलीत उभ्या होत्या आणि मागे चिटणीसांचा घोगरा आवाज येत होता.

"अक्का, मंडळाचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. कर्णा गेला तर राखणदार गेला. मला संध्याकाळपर्यंत खोल्या..." ते अडखळले. "मला वाईट वाटतं."

"मागच्याच आठवड्यात ती म्हणाली होती," कुणीतरी पुटपुटलं, "पितळ घासून हात गेले, एकदाचा जाईल तर सुटेन."

हे पुटपुटणारे भाऊच होते. खरं बोलायच्या व्यसनानं माणूस कुठवर जातो ते बघून वन्संना त्यांची कीव आली आणि रागही आला.

अक्कानं भावाकडे पाहिलं. सव्वीस वर्षं ती त्या दोन खोल्यांत राहिली होती आणि दुसरं घर तिला नव्हतं.

वन्संनी खाली पडलेलं निळं कापड उचललं. घडी घालताना त्यांचा हात मध्येच थांबला.

३

"मी थोडं विचारू का?" वन्सं म्हणाल्या. "माझा तो धंदाच होता."

"विचारा की," चिटणीस म्हणाले. "मी तेवढ्यात खाली जाऊन मंडळाला फोन करतो."

"फोन इथूनही लागेल. कुणीच खाली जाऊ नये, हे बरं." वन्संचा आवाज मऊ होता, पण असल्या मऊ आवाजापुढे भल्या भल्या गोदाममालकांनी हात टेकले होते. चिटणीस जागेवर थांबले आणि त्यांनी पाण्याचा आणखी एक घोट घेतला.

वन्संनी पाहुण्यांना एकेक करून स्वयंपाकघरात बोलावलं आणि प्रत्येकाला एकच प्रश्न केला.

पहिले दुर्बीणवाले काका. "तुम्ही तर दुर्बिणीतून पाहिलात. कर्ण्याचं तोंड कुठल्या बाजूला होतं?"

"समुद्राकडे," काका छाती काढून म्हणाले. "स्वाभाविकच आहे. हाक समुद्राकडेच मारणार ना?"

दुसऱ्या, गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. "तोंड शहराकडे होतं," त्या म्हणाल्या. "म्हणजे, तसं असावं. खालून चमक दिसायची तर रुंद बाजू आपल्याकडेच हवी. प्रकाश परावर्तित होण्याचा कोन..."

"कोन राहू द्या. तुम्हाला काय दिसलं?"

"चमक," बाई म्हणाल्या, आणि चष्मा पुसू लागल्या.

तिसरं, नुकतंच लग्न झालेलं जोडपं. नवरा म्हणाला कर्णा उभा होता, बायको म्हणाली टांगलेला होता. मग दोघं एकमेकांकडे बघू लागले आणि त्यांचं पहिलं भांडण जुंपायच्या आत वन्संनी त्यांना बाहेर धाडलं.

शेवटी अक्का. चुलीशेजारच्या स्टुलावर ती ताठ बसली होती.

"ही पेटी पूर्वीपासून याच भिंतीशी आहे?"

"नाही हो. आधी खिडकीतच होता कर्णा, आकड्याला टांगलेला. उन्हानं आणि खाऱ्या वाऱ्यानं पितळ हिरवं पडायला लागलं, म्हणून मीच मंडळाच्या मागे लागून पेटी करून घेतली. आठ वर्षं झाली. खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला."

"भाऊंना हे ठाऊक आहे?"

"रोज त्याच पेटीवरचं कापड ओढतो तो. ठाऊक नसायला काय झालं?"

"आणि जिन्यावरून ते पाहुण्यांना काय दाखवतात, ते तुम्हाला ठाऊक होतं?"

अक्कानं मान हलवली. "मी कधी गेलेच नाही त्याच्या फेरीला. फेरी येते तेव्हा मला घर उघडं ठेवावं लागतं. आणि त्यानं कधी विचारलंही नाही. बाई, मी नाही घेतला. पण माझा भाऊ खोटं बोलत नाही. मग मला सांगा, मी काय बोलू?"

त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर वन्संच्या स्वतःच्या, जिन्यावर डोललेल्या मानेत होतं.

"भाऊ," त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर. एकेचाळिसाव्या पायरीपर्यंत. आणि चिटणीससाहेब, तुम्ही इथंच बसा. कुणाला कुठे सोडू नका."

४

टप्प्यावर आल्यावर भाऊ सवयीनं समुद्राकडे तोंड करून उभे राहिले.

"नाही," वन्सं म्हणाल्या. "इकडे वळा. वर बघा."

भाऊ वळले. वर कड्यावर घर होतं आणि घराला एक खिडकी होती. खिडकीत उन्हानं विटलेली लाकडी चौकट, एक रिकामा गंजका आकडा आणि त्यामागे काळोख. बस्स.

भाऊ बघत राहिले.

"पेटी आतल्या भिंतीला आहे," वन्सं सावकाश म्हणाल्या. "इथून दिसायचा प्रश्नच नाही. वर तिच्यावर कापड असतं. तुम्ही ते ओढेपर्यंत. झाकलेली वस्तू चमकते कशी, भाऊ?"

"पण सगळे हो म्हणाले," भाऊ म्हणाले. "रोज म्हणतात. आठ वर्षं रोज म्हणताहेत!"

"म्हणणारच. तुम्ही इतक्या जिव्हाळ्यानं दाखवता. पुढचा दिसला म्हणतो, मग मागच्याला आपणच आंधळे ठरायला नको असतं. दुर्बीणवाल्या काकांना तर दुर्बीण आणल्याचं सार्थक करायचं होतं. आणि मी..." वन्संनी श्वास घेतला. "बत्तीस वर्षं मी लोकांना सांगत आले, जे पाहिलं तेवढंच सांगा. आज रांग अडू नये म्हणून मीही मान हलवली. मला काहीच दिसलं नव्हतं. तुमच्या बहिणीवर आळ आला तो आम्हा बारा जणांच्या माना हलल्यामुळे."

भाऊ पायरीवर बसले. "मी तिच्या तोंडावर सांगितलं," ते म्हणाले. "सख्ख्या बहिणीच्या. आणि मी स्वतः बघितलंसुद्धा नव्हतं."

वन्संना त्यांचं सांत्वन करावंसं वाटलं, पण त्यासाठी वेळ नव्हता. अकराचा हिशेब गेला, तर आता कालच्या संध्याकाळपासून कुठलीही वेळ मोकळी होती, आणि कर्णा अजून मिळाला नव्हता.

"अक्का सकाळी घराबाहेर पडतात?"

"आठ ते नऊ. बाजारात. सगळ्या शहराला ठाऊक आहे."

"आणि आठपासून तुम्ही जकातघरापाशी माझ्या डोळ्यांसमोर होतात." वन्सं खालच्या पायऱ्यांकडे वळल्या. "भाऊ, तुम्ही वर जा आणि बहिणीजवळ बसा. काही बोलू नका, नुसते बसा. मी पायथ्याशी जाऊन येते. मला आमच्या वहिनींची साक्ष काढायची आहे."

५

वहिनी बाकावर तशाच होत्या. कानांवर टोपणं, डोळे मिटलेले, पाय पिशवीवर.

"आलात? मी अख्खी फेरी बसल्या जागी केली," टोपणं काढत त्या म्हणाल्या. "दोरगल्ली काय, तटबंदी काय! तुमचे पाय दुखले, माझे नाही. चिटणीस फार भला माणूस. सव्वादहाला आले, वर निघाले होते घाईघाईनं, मीच थांबवलं. म्हटलं, गुडघे गेलेल्या म्हाताऱ्यांची काही सोय आहे की नाही तुमच्या शहरात? तर त्यांनी लगेच हे यंत्र काढून दिलं. म्हणाले, तुमच्यासारख्यांसाठीच केलंय हो, वर्ष घालवलं यात, शेवटच्या थांब्याचा आवाज तर आज सकाळीच यंत्रात भरला, तुम्हीच पहिल्या ऐकणाऱ्या. मग मी म्हटलं, माझ्या शेजारी उभं राहून सगळं समजावून सांगा."

"आणि ते थांबले?"

"जातात कुठे? पाऊण तास."

"शेवटचा थांबा मला ऐकवा."

वहिनींनी बटण दाबून टोपणं पुढे केली. वन्संनी डोळे मिटले. चिटणीसांचा आवाज वाटाड्यांच्या घराचं वर्णन करत होता आणि ते वर्णन मनापासून केलेलं होतं. मग थोडी शांतता, आणि त्या शांततेतून अचानक एक हाक उठली. पितळातून आलेली, लांबवलेली, अंगावर येणारी. "जहाज होऽऽऽ! डावीकडे घ्याऽऽऽ!" पाठोपाठ आणखी एकदा, आणि आणखी एकदा, दर वेळी थोडी घोगरी.

काय सुरेख आवाज होता तो! वन्संच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. धुक्यातल्या नावाड्याला तो कसा वाटला असेल ते त्यांना एका क्षणात कळलं.

आणि दुसऱ्या क्षणी दुसरं कळलं. हाकेमागे समुद्र नव्हता. एकही लाट नाही. वरच्या खोलीत तर भाऊंना साधं बोलायलाही आवाज चढवावा लागत होता. ही हाक जाड भिंतींच्या बंद जागेत मारलेली होती. तळघरात.

"हाक मारणाऱ्याचा घसा मात्र बसत गेलाय हो शेवटी शेवटी," वहिनी म्हणाल्या.

"बसणारच," वन्सं म्हणाल्या. "वहिनी, ही पिशवी कुणाची?"

"चिटणीसांची. मी विचारलं, पाय टेकू का, तर ना हो म्हणाले ना नाही. कॅमेऱ्याची तिपाई आहे म्हणाले. तुम्ही सगळे आलात तेव्हा ते उचलायला बघत होते, मी म्हटलं असू द्या, मी लक्ष ठेवते, वर कशाला ओझं नेता? चांगलीच गोल आणि गुळगुळीत आहे हो तिपाई. पायाला फार आराम पडला."

"वहिनी," वन्सं शक्य तितक्या शांतपणे म्हणाल्या, "पाय खाली घ्या."

६

पिशवी खांद्याला लावून शहाण्णव पायऱ्या चढताना वन्संचा जीव मेटाकुटीला आला. मागून वहिनीही येत होत्या, दर दहा पायऱ्यांना बसत, पण येत होत्या. "काखेत कळसा नि गावाला वळसा ऐकलं होतं," त्या धापा टाकत म्हणाल्या, "पण पायाखाली कर्णा नि गावाला आळ, हे मी घडवलं. आता मी खाली बसून राहीन होय?"

वन्संनी पिशवी रिकाम्या पेटीवर ठेवली तेव्हा चिटणीसांनी डोळे मिटून घेतले.

"आठ वाजता अक्का बाजारात गेल्या," वन्सं म्हणाल्या. "तुमच्या किल्लीनं तुम्ही घर उघडलंत, पेटी उघडलीत, कर्णा पिशवीत घातलात, कापड होतं तसं पसरलंत. पावणेनवाला जकातघराच्या तळघरात उतरलात, कारण इथं लाटांच्या आवाजात हाक यंत्रात भरता येत नव्हती. घसा बसेपर्यंत हाका मारल्यात. सव्वादहाला कर्णा परत ठेवायला निघालात, तर जिन्याच्या तोंडाशी आमच्या वहिनी. पुढे आमची फेरी येऊन ठेपली. वस्तू गेली म्हटल्यावर जबाबदार माणूस पहिल्यांदा पोलिसांना बोलावतो. तुम्ही नको म्हणालात, आणि फोनच्या निमित्तानं खाली जायला बघितलंत."

"दोनदा," चिटणीस हळूच म्हणाले. "दुसऱ्यांदा तुम्ही जिन्यावर गेलात तेव्हा मी उठलो होतो. अक्कांनी विचारलं, पाणी देऊ का, घसा बसलाय तुमचा." त्यांनी चेहरा हातांनी झाकला. "माझी आई अंथरुणाला खिळून आहे. तिनं जन्मभर खालून या घराकडे पाहिलं, वर कधी चढली नाही. तिच्यासारख्या माणसांना ही हाक ऐकू यावी एवढंच मनात होतं. कर्णा घराबाहेर न्यायचा नाही हा नियम मीच लिहिलाय. म्हटलं, दोन तासांत परत ठेवीन, अक्का मागे स्वयंपाकात असतील, कुणाला कळणार? मग भाऊ म्हणाले, अकरा वाजता पाहिला. माझ्यावरचा संशय आपोआप टळला होता. मी गप्प बसलो."

"गप्प नाही बसलात," अक्का म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "संध्याकाळपर्यंत खोल्या रिकाम्या करा म्हणालात."

चिटणीसांनी मान खाली घातली. मग ते उठले आणि अक्काला त्यांनी हात जोडले. "मी आजच मंडळाला सगळं लिहून देतो," ते म्हणाले. "माझ्या हातानं. नियमाप्रमाणे जायचं असेल तर मी जाईन. तुम्ही इथून कुठेही जाणार नाही." तीन जुडग्यांतला आपला जुडगा त्यांनी तिच्यापुढे ठेवला आणि ते जिना उतरून गेले. कबुली देताना त्यांनी स्वतःला पाठीशी घातलं नाही, हे वन्संनी लक्षात ठेवलं.

पाहुण्यांचीही पांगापांग झाली. जाताना गणिताच्या बाईंनी अक्काचा हात हातात घेतला, आणि दुर्बीणवाल्या काकांनी, कुणी न विचारता, दुर्बिणीवरचं झाकण आपण काढलंच नव्हतं हे कबूल केलं.

राहिले भाऊ. कोपऱ्यात उभे.

"अक्का," ते म्हणाले, "मी..."

"चोरीचा आळ मी सोसला असता," अक्का म्हणाली. "परक्यानं घेतला असता तर. पण तू म्हणालास. आणि मला वाटलं, भाऊ म्हणतोय म्हणजे माझंच डोकं फिरलं असेल, मीच कुठं टाकला असेल. पाऊण तास मी स्वतःला चोर समजून बसले होते. कळतंय तुला?"

भाऊंना कळत होतं. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. वन्सं आणि वहिनी खिडकीकडे वळल्या. असल्या वेळी माणसानं समुद्र बघावा.

मागून अक्काचा आवाज आला, कोरडा, पण मघापेक्षा खाली उतरलेला. "सगळ्या जगाला दाखवतोस. मला कधी म्हणालास, ये म्हणून?"

"उद्या येशील?"

"उद्या कशाला? घर आज बंद राहिलं तर समुद्र काही आटत नाही."

तिनं दाराला कुलूप घातलं. चौघं जिना उतरू लागले, भाऊ आणि अक्का पुढे, एकमेकांच्या शेजारी. अक्का प्रत्येक गोष्टीपाशी थांबत होती. हे कुणी बांधलं, ते केव्हाचं, आणि भाऊ खालच्या आवाजात उत्तरं देत होते. खाली ऊन पडलेलं बंदर पसरलं होतं, तांबूस कौलं, तटाची वाकडी रेघ, पाण्यावर सावकाश वळणाऱ्या होड्या. एवढं सुंदर शहर आणि ते तिला साठीनंतर दिसत होतं.

मध्येच अक्का थांबली. जिन्याच्या कडेच्या दगडात, गुडघ्याच्या उंचीला, एकाखाली एक पाच लहान हातांचे पंजे कोरलेले होते. बोटं पसरलेली, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या.

"हे काय रे?"

भाऊंनी वाकून पाहिलं. तीस वर्षं या जिन्यानं ते दिवसातून दोनदा गेले होते. त्यांनी एका पंजावर आपला हात ठेवून पाहिला, मग दुसऱ्यावर.

"माहीत नाही गं," ते म्हणाले. "मी हे कधी पाहिलंच नाही."

"मग बघ की," अक्का म्हणाली, आणि भावाच्या शेजारी पायरीवर बसली.